डावखुऱ्याचा दगड

पहिला दगड पाटीवर बसला. दुसरा माझ्या बापाच्या कपाळावर.

पोळ्याचा दिवस होता, ऊन अजून डोक्यावर होतं. आखरावर, म्हणजे गावची ढोरं जमतात त्या मोकळ्या जागी, बैलजोड्या दोन रांगांत उभ्या होत्या. मी देवळाच्या भिंतीकडे बायांच्या घोळक्यात होते. बापानं कपाळावर हात नेला, हात लाल झाला, आणि तो आपल्याच बैलाच्या झुलीवर रेलला. बैलानं त्याला झटकून टाकलं. मग काठ्या निघाल्या. तुताऱ्या निघाल्या. आमच्याकडे बैल हाकायच्या काठीला तुतारी म्हणतात, तिच्या टोकाला खिळा असतो. तो खिळा त्या दिवशी बैलाच्या पुठ्ठ्यात नाही, माणसांच्या मांड्यांत गेला. बैल उधळले. रंगवलेली शिंगं आणि घुंगरांच्या माळा घेऊन चाळीसेक जोड्या जिकडे वाट दिसेल तिकडे धावल्या, आणि मध्ये जो आला तो खाली गेला.

खाली गेलेल्यांत वरच्या वेटाळातला, म्हणजे वरच्या वस्तीतला, एक म्हातारा होता. त्याच्या डाव्या हातात कुऱ्हाड होती, मारायला नाही, तोरण तोडायला. त्याच्या मांडीवर बैलाचा खूर पडला तेव्हा झालेला आवाज मी बायांच्या ओरडण्यातूनही ऐकला. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडते तसा.

हे सगळं माझ्या एका वाक्यामुळे झालं. तेच सांगायचं आहे.

आमचं गाव दारव्हा आणि दिग्रसच्या मधलं. माझ्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, बाप तर चौथीतच ढोरांमागे लागला. मी एसटीनं रोज दिग्रसला जाऊन बीए केलं, इतिहास घेऊन. पदवीचा कागद आला तेव्हा आईनं तो देवाजवळ ठेवला आणि हळदकुंकू लावलं. कोपऱ्यावर अजून पिवळा डाग आहे. मला त्या डागाचाही अभिमान होता. कोणी विचारलं नाही तरी मी सांगत असे की मी ग्रॅज्युएट आहे.

पुढच्याच वर्षी जिल्ह्यातल्या जुन्या देवळांवर पाट्या लावायचं काम निघालं. पाटीवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन. त्यावर मोबाईल धरला की देवळाचं पान उघडणार, फोटो दिसणार, आणि तिथलीच कोणी व्यक्ती तीन मिनिटांत माहिती सांगणार. आमच्या गावाला काळ्या दगडाचं हेमाडपंती देऊळ आहे. त्याचं काम मला मिळालं. कॉलेजच्या सरांनी सांगितलं, "तुझं गाव आहे, तुझ्यापेक्षा चांगलं कोण करणार?" मी मान हलवली. मलाही तसंच वाटत होतं.

देवळाचं काम सोपं होतं. आभाळ भरून आलेल्या दिवशी, सावली पडत नाही तेव्हा, चारी बाजूंनी दोन-तीनशे फोटो काढले. कॉलेजच्या संगणकानं ते जोडून देऊळ असं उभं केलं की बोटानं गोल फिरवता येई. आई पडद्यावर बोट फिरवून म्हणाली, "बाप्पा, देवाची पाठबी दिसते वं!"

अडचण दगडाची होती. देवळाच्या दारात छातीएवढा एक दगड उभा आहे. जुन्या काळी कोणी लढताना मेला की त्याच्या नावानं असा दगड उभारायचे, वीरगळ म्हणतात त्याला. गाव त्याला वीरगळ म्हणत नाही, डावखुऱ्याचा दगड म्हणतं. गोष्ट अशी सांगतात: गावची ढोरं वळवून न्यायला घोडेवाले आले, तेव्हा एक माणूस डाव्या हातात कुऱ्हाड घेऊन आडवा झाला. ढोरं वाचली, तो मेला. वरच्या वेटाळातलं एक घर त्याचं म्हणवतं. पोळ्याला पहिली जोडी त्या घरची. जोड्यांपुढे बांधलेलं तोरण त्या घरच्या कर्त्या माणसानं डाव्या हातानं तोडायचं. तो उजवा असला तरी त्या दिवशी डावाच हात. आम्ही खालच्या वेटाळातले. आमच्या जोड्या मागून. हा मान कधीपासून आहे ते कोणाला माहीत नाही, पण आमच्या वेटाळाच्या पोटात त्याची जळजळ मात्र सगळ्यांना माहीत होती.

दगडावर शेंदूर इतका चढला आहे की वरची चित्रं दिसतच नाहीत. लढाईचं चित्र सगळ्यात खाली असतं, आणि ते गावानं बांधलेल्या ओट्याच्या फरशीखाली गेलं आहे. मिस्त्रीनं देवाचे पाय झाकायचे नाहीत म्हणून दगडाच्या पुढं चार बोटं फट ठेवली होती. त्या फटीत डोकं जात नव्हतं, आणि मोबाईल घातला तर इतक्या जवळून चित्र मावत नव्हतं.

मी डोकं चालवलं. बापाचा दाढीचा आरसा आणला. पत्र्याच्या चौकटीचा, वहीच्या अर्ध्या पानाएवढा. तो तिरपा करून फटीत सोडला, वरून बॅटरी मारली आणि आरशात जे दिसलं त्याचे फोटो काढले. घरी येऊन रंग काढून टाकला, उजेड-अंधार वाढवला, आणि चित्र लख्ख वर आलं. एका बाजूला बैल, त्यांच्यापुढे उभा माणूस, हातात कुऱ्हाड. समोर घोडेस्वार, हातात तलवार. इतक्या वर्षांत हे कोणी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं.

आणि कुऱ्हाडवाला उजवा होता. तलवार होती ती घोडेस्वाराच्या डाव्या हातात.

त्याच्याआधी मी मानाच्या घरच्या त्या म्हाताऱ्याकडे जाऊन त्याचा आवाज भरून आणला होता. अकरा मिनिटं तो बोलला, मधेमधे खोकला, मधेच सुनेला "च्या टाक वं" म्हणाला. शेवटी म्हणाला, "हे तुह्या मोबाईलमधी राह्यते ना? मी मेल्यावरबी?" मी म्हटलं, "राह्यते आबाजी." चित्र सापडल्यावर मी ती अकरा मिनिटं काढून टाकली. पुराव्याविरुद्ध जाणारी ऐकीव गोष्ट कशी ठेवणार? मी शिकलेली होते. माझ्या आवाजात तीन मिनिटं भरली आणि शेवटी हे वाक्य घातलं: "ढोरं राखणारा वीर उजव्या हाताचा आहे, ती न्यायला आलेला डावखुरा. गाव सांगतं त्यापेक्षा दगड वेगळं सांगतो."

मी कोणाला चोर म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती.

पाटी लागली पोळ्याच्या आठ दिवस आधी. दोन दिवसांत आमच्या वेटाळातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये माझा आवाज होता. पानटपरीवर लावत, ट्रॅक्टरवर लावत. माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, मला लहानपणी सायकलवर शाळेत नेणारा, तो तर मला पाहिलं की हात जोडायचा, "ये माय, प्रोफेसरीणबाई! आमचा मान आणला तू!" वरच्या वेटाळातल्या बाया हापशीवर मला पाहून भांडं उचलून निघून जात. मला ते दिसत होतं. मी स्वतःला सांगितलं, खरं कडूच असतं.

पोळ्याला तोरणाखाली झडत्या म्हणतात. एकमेकांची फिरकी घेणारी कवनं, शेवटी सगळे मिळून महादेवाचा गजर. दरवर्षी होतं, हसतात, विसरतात. त्या दिवशी चुलतभाऊ पुढं झाला, कानाला हात लावला आणि सुरू झाला:

"डावा हात, डावी चाल,
गावची ढोरं नेली काल!
दगडाच्या पोटातलं मोबाईल बोलला,
चोराच्या घरी मान कायले गेला?
हर बोला हर हर महादेव!"

खालच्या वेटाळानं गजर केला. वरच्यांतून एकही आवाज आला नाही. मग आमच्यापैकी कोणीतरी लाऊडस्पीकरला मोबाईल लावला आणि आखरावर माझा आवाज घुमला. गाव सांगतं त्यापेक्षा दगड वेगळं सांगतो. म्हातारा कुऱ्हाड घेऊन तोरणाखाली उभा होता. तो स्पीकरकडे नाही, माझ्याकडे पाहत होता.

तेव्हा पहिला दगड पाटीवर बसला.

हाणामारी किती वेळ चालली सांगता येत नाही. एका माणसाला दोघांनी धरलं होतं आणि तिसरा त्याच्या तोंडावर बुक्क्या मारत होता, एकसारख्या, मळणी केल्यासारख्या. तिघंही माझ्या वर्गात होते. एका गोऱ्ह्याचं शिंग मुळातून मोडलं, तो रक्त उडवत देवळात शिरला आणि पिंडीवरून घसरून पडला. पोलीस आले तेव्हा आखरावर चपला, बाशिंगं आणि दात पडलेले होते. बापाला दारव्ह्याला सात टाके पडले. म्हाताऱ्याला यवतमाळला नेलं. वरच्या वेटाळातले नऊ जण आत गेले, आमचे चार. आमचे कमी गेले याचा आमच्या वेटाळात आनंद होता. त्या आनंदात मी नव्हते असं म्हणणार नाही. बापाचं कपाळ पाहिलं की मलाही वाटायचं, नऊ काय, सगळे जायला पाहिजे होते.

तिसऱ्या दिवशी बाप ओसरीवर दाढी करायला बसला. न्हाव्याचं दुकान वरच्या वेटाळात, तिकडे जाणं नव्हतं. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता म्हणून आरसा मी धरला होता. अर्धी दाढी झाली आणि तो थांबला.

"हा बुढा कोन्या हातानं वस्तरा धरून राह्यला वं?"

"कोणता बुढा?"

"हा. आरशातला."

मी वाकून पाहिलं. आरशातला माणूस डाव्या हातानं दाढी करत होता.

बाप फेसाच्या तोंडानं म्हणाला, "दगडाचा फोटो कायच्यानं काढलता तू?"

मी आरसा खाली केला.

"मंग मी डावखुरा झालो काय?" बाप म्हणाला. हसत नव्हता.

पंधरा वर्षं शाळा-कॉलेज. दोन-तीनशे फोटो, संगणक, रंग काढणं, उजेड वाढवणं, सगळं मी केलं होतं. आरशात उजव्याचं डावं होतं, हे चौथी शिकलेल्या माणसाला दाढी करताना दिसलं. आमच्या घरातलं सगळ्यात शिकलेलं माणूस मी होते आणि मी एका गावाचं डोकं फोडलं होतं.

पहिल्यांदा मनात आलं ते असं: फोटो उलटा करायचा, वाक्य बदलायचं, पान गुपचूप चढवायचं. पाटी तर फुटलीच होती. कोण पाहणार? मी हे बापाला बोलूनही दाखवलं.

"तुले सांगा लागन," तो म्हणाला. "सगळ्याइसमोर."

"आणि तुमच्या कपाळाचं काय? ते सोडून द्यायचं?"

"कपाळ माह्यं हाये. दगड गावाचा हाये." त्यानं उरलेली दाढी केली आणि वस्तरा धुतला. "बुढा तिकडं पडला हाये मांडी मोडून. चोराचा पोरगा म्हनून पडला हाये. दगड मारनारे आपले गुन्हेगार हायेत, बुढा नाई."

पाचव्या दिवशी देवळाच्या ओट्यावर ठाणेदारानं दोन्ही वेटाळांची बैठक बोलावली. एका बाजूला ते, एका बाजूला आम्ही, मध्ये काठ्या घेतलेले शिपाई. मी उठले तेव्हा चुलतभाऊ ओरडला, "बोल प्रोफेसरीणबाई, सांग यायले दगडात काय लिवलं हाये ते!" आमच्या बाजूनं शिट्ट्या वाजल्या.

मी काही सांगितलं नाही आधी. पिशवीतून आरसा काढला आणि एसटीचं तिकीट. तिकीट आरशापुढे धरून आरसा ठाणेदारासमोर नेला, मग वरच्या वेटाळासमोर, मग आमच्या. "वाचा," म्हटलं. कोणालाच वाचता येईना. अक्षरं उलटी होती.

"असाच काढला होता मी फोटो," मी म्हणाले. "आरशातून. जे डावं होतं ते मला उजवं दिसलं. कुऱ्हाडवाला डावखुराच आहे. गाव सांगतं तेच दगड सांगतो. मी चुकले."

मला वाटलं होतं वरच्या वेटाळातून शिव्या येतील. त्यांच्यातली एक म्हातारी नुसती रडायला लागली.

मारलं ते आमच्यांनी. चुलतभाऊ शिपायाच्या हाताखालून आला आणि त्यानं माझ्या कानशिलात अशी मारली की मी दगडावर जाऊन पडले. माझं तोंड शेंदरानं भरलं. "वेटाळ विकलं तू!" तो ओरडत होता. "बापाचं रक्त विकलं! किती लोकं आत गेले आपले, कोनासाठी?" त्यानं माझ्या हातातला आरसा ओढला, मी सोडला नाही. तो माझ्या तळहातात फुटला. मुठीतून रक्त कोपरापर्यंत आलं तरी मूठ उघडता येईना. मागून कोणीतरी माझे केस धरले होते, ते कोण हे मी आजही विचारलेलं नाही.

मग आई आली. ती बैठकीला नव्हती, शेतातून परत येत होती, हातात विळा. ती ओट्यावर चढली आणि तिनं विळा आपल्या पुतण्याच्या मानेला लावला. नुसता दाखवला नाही, लावला. कातडी फाटून बारीक लाल रेघ आली.

"सोड तिले," ती म्हणाली. "तुले मी वाटीनं दूध पाजलं हाये, तुह्यी माय बिमार होती तवा. तोच गळा कापीन."

त्यानं सोडलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आमचं कुटार जाळलं, बैलांचा वर्षाचा चारा. वारा होता, राख दिवसभर घरात पडत होती. जाळणारे वरच्या वेटाळातले नव्हते, हे सांगायला नको. बापानं तक्रार दिली नाही. त्यानं बैल सोडून नाल्याच्या कडेला नेले आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसला.

हाताचे टाके निघाल्यावर मी यवतमाळच्या दवाखान्यात गेले. म्हाताऱ्याच्या पायाला वजन लटकवलं होतं. त्याच्या सुनेनं मला पाहून पाठ फिरवली. मी सगळं सांगितलं, आरसा, दाढी, तिकीट. तो छताकडे पाहत ऐकत होता. मला वाटलं, मान परत मिळाला हे ऐकून त्याला बरं वाटेल.

"ते माहीतच होतं मले," तो म्हणाला. "दगड कायले बदलन?" मग मान वळवली. "माहा आवाज काहून कापला पोरी?"

फोटोची चूक आरशाची होती असं तरी म्हणता येत होतं. आवाज मी कापला होता, स्वतःच्या हातानं, डोळे उघडे ठेवून. त्यानं ढोरं वाचवणाऱ्याची गोष्ट सांगितली होती आणि मला त्यात फक्त एक न शिकलेला म्हातारा ऐकू आला होता.

"मोबाईलमधी हाये अजून?"

होता. मी तो पुसला नव्हता, का ते माहीत नाही. तिथंच लावून दाखवला. वॉर्डात त्याचा खोकला दोनदा ऐकू आला, एक खाटेवरून आणि एक मोबाईलमधून. "च्या टाक वं" आलं तेव्हा सून हसली, मग तोंडाला पदर लावला.

नवी पाटी हिवाळ्यात लागली. आता मोबाईल धरला की आधी त्याची अकरा मिनिटं येतात, न कापलेली. सर म्हणाले, एवढं कोणी ऐकत नाही. मी म्हटलं, नाही तर नाही. त्याच्याखाली दोन चित्रं आहेत, आरशातलं आणि खरं, शेजारी शेजारी, आणि माझा आवाज: हे पहिलं चित्र मी उलटं वाचलं, त्यामुळे आमच्या गावात रक्त सांडलं. काही पाहुणे विचारतात, हे कशाला ठेवलं? मी सांगते, बोटानं फिरवून पहा, दोन्हींत फरक किती कमी दिसतो.

पुढचा पोळा पोलिसांच्या गाडीपुढे भरला. वरच्या वेटाळाच्या जोड्या आल्या. खालच्या वेटाळानं ठरवून बैल गोठ्यातच ठेवले. म्हाताऱ्याला बाजेवर टाकून आणलं, तो पाय आता वाकत नाही. चौघांनी बाज उचलून तोरणाखाली धरली.

तेव्हा बाप आमची जोडी घेऊन निघाला. एकटा. आमच्याच वेटाळातून जाताना कोणीतरी त्याच्या पाठीवर शेण मारलं. तो वळला नाही. आखरावर येऊन तो वरच्यांच्या जोड्यांमागे उभा राहिला, जिथं त्याचा बाप उभा राहायचा तिथंच. कपाळावरचा टाक्यांचा व्रण उन्हात चकाकत होता. ज्यानं तो दगड मारला होता तो पुढच्याच रांगेत होता. त्यानं मागं पाहिलं, मग आपली जोडी हातभर बाजूला घेतली.

म्हाताऱ्यानं डाव्या हातानं कुऱ्हाड उचलली. पहिला घाव हुकला, बाजेच्या पायाला लागला. दुसऱ्यात तोरण तुटलं. गजर करायचा होता, पण कोणाच्याही तोंडातून शब्द निघेना.

"अबे, मेले काय सगळे?" म्हातारा बाजेवरून ओरडला. "मांगच्यानं तरी म्हना!"

मागं फक्त माझा बाप होता. त्यानं म्हटलं.